टाचेचा थेंब आणि यंत्राची दोन मिनिटं

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं, की शहर मागे पडता पडता कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. अश्विनी सहकारी रुग्णालयाच्या परिवारातलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय इथेच आहे. याच गावाच्या शिवारात विडी कामगार महिलांची प्रचंड वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या दहा हजार घरांच्या वसाहतीचं लोकार्पण तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. १९ जानेवारी २०२४ रोजी इथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचा ताबा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. दोन्ही वसाहतींमागे कामगार नेते आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं चालवलेला लढा आहे. इथल्या गल्ल्यांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी सहज कानावर पडते. नात्यातली लग्नंही इथे नवीन नाहीत. मामाची मुलगी करायची, आत्याच्या घरी मुलगी द्यायची, काही घरांत तर बहिणीच्याच मुलीशी लग्न करायचं, ही सोलापूरपासून खाली कर्नाटक-आंध्रापर्यंत चालत आलेली रीत.

अशा वस्तीत जन्मलेलं एखादं बाळ दोन दिवस छान दूध पितं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी मलूल होतं. दूध ओढत नाही, उलट्या करतं, श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, मग झटके येतात. जंतुसंसर्ग झाला असावा, हा डॉक्टरांचा पहिला तर्क असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण थोड्या बाळांच्या रक्तात जंतू सापडत नाहीत. अन्नातली प्रथिनं किंवा चरबी पचल्यानंतर शरीरात त्यांच्या विघटनाची जी साखळी चालते, तिची एक कडी या बाळांमध्ये जन्मतःच तुटलेली असते. आईचं दूधच त्यांच्या अंगात विष साठवत जातं. ही कडी नेमकी कोणती, हे आज रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून एक यंत्र दोन-अडीच मिनिटांत सांगतं. त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला वैद्यकाला नव्वदेक वर्षं लागली. कुंभारीसारख्या गावाशी या इतिहासाचा संबंध फार जवळचा आहे, कारण त्याच्या पहिल्याच पानावर नात्यातलं लग्न आहे.

ते पान लंडनचं आहे. आर्चिबाल्ड गॅरॉड हे तिथले डॉक्टर अल्कॅप्टोन्युरिया नावाच्या विकाराचे रुग्ण पाहत होते. या बाळांची लघवी हवेत राहिली की काळी पडते, दुपट्यांवर डाग उमटतात. १९०२ मध्ये गॅरॉड यांनी मांडलं, की हा रोग बाहेरून लागलेला नाही, तो जन्मासोबत येतो. यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मामे भावंडं होती, हेही त्यांनी टिपलं. मेंडेलचे अनुवंशाचे नियम विस्मृतीतून बाहेर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. एकच दोष आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी आला तरच रोग दिसतो, आणि एकाच घराण्यातल्या दोघांचं लग्न झालं की अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, हे कोडं गॅरॉड यांना लघवीच्या रंगावरून उलगडलं. चयापचयातल्या जन्मजात चुका ही कल्पना त्यांनी १९०८ च्या व्याख्यानांत मांडली. तिचं मोल कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

मूत्रपरीक्षा काही नवी नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत, आणि गोड लघवीकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण आपल्या वैद्यांनी फार पूर्वी केलं होतं. पण रंग, चव, वास यांवरून मिळते ती सूचना. पदार्थ कोणता आणि किती, हे रसायनशास्त्राशिवाय कळत नाही.

ते रसायनशास्त्र एका आईच्या हट्टामुळे कामाला लागलं. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड यांची लिव आणि डाग ही दोन्ही मुलं जन्मताना धडधाकट वाटली होती, पण त्यांची बुद्धी वाढली नाही. दोघांच्या अंगाला एक कुबट वास येई. त्या वासाचा मुलांच्या आजाराशी संबंध असणार, असं या आईला वाटत होतं. डॉक्टरांनी हात टेकले तरी तिने विचारणं सोडलं नाही. १९३४ मध्ये ओस्लोचे आस्ब्यर्न फॉलिंग यांनी मुलांची लघवी तपासायला घेतली. त्यांनी तीत फेरिक क्लोराइड टाकलं तेव्हा तांबूस-तपकिरी रंग अपेक्षित होता. आला गर्द हिरवा. असा रंग देणारा पदार्थ त्यांच्या माहितीत नव्हता. मग त्या आईने आणून दिलेली लिटरच्या लिटर लघवी शुद्ध करत करत त्यांनी फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळं काढलं. मतिमंद मुलांच्या संस्थांमधून त्यांनी चारशेहून अधिक जणांची लघवी तपासली, तेव्हा आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग निघाला. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे आज ज्याला पीकेयू म्हणतात तो विकार, असा सापडला. लिव आणि डाग यांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. उशीर झाला होता.

उशीर हाच या सगळ्या इतिहासातला खरा शत्रू आहे. १९५१ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयात शीला नावाची सतरा महिन्यांची मुलगी आली. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून हॉर्स्ट बिकेल यांना विचारी, माझ्या मुलीसाठी काही करणार आहात की नाही? बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या विघटित द्रवातून कोळशाच्या साहाय्याने फिनाइलअॅलनिन काढून टाकलं आणि उरलेल्यातून आहार बनवला. प्रयोगशाळेच्या थंडगार खोलीत बसून बनवाव्या लागलेल्या या आहाराचा परिणाम काही महिन्यांत दिसू लागला: शीला रांगू लागली, तिचं डोकं आपटणं आणि सततचं रडणं थांबलं. मग आहाराचाच हा परिणाम आहे याची खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या आहारात फिनाइलअॅलनिन परत मिसळलं. काही दिवसांतच मुलगी होती तशी झाली. आईला अंधारात ठेवून केलेली ही परीक्षा आज कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही, आणि टिकूही नये. पण आहार बदलला तर मेंदू वाचवता येतो हे त्यातून ठरलं. प्रश्न उरला तो वेळेचा. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणजे बाळ निरोगी दिसत असतानाच शोधायला हवं, आणि त्यासाठी सगळ्याच बाळांना तपासायला हवं.

ते शक्य केलं अमेरिकेत बफेलो शहरातल्या रॉबर्ट गथ्री यांनी. ते मुळात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि मेहुणीच्या मुलीला पीकेयू निघाला, तोही वेळ निघून गेल्यावर. गथ्री यांनी जाड गाळणकागदावर बाळाच्या टाचेतल्या रक्ताचा थेंब टिपून वाळवायची कल्पना काढली. त्या कागदाचा बारीक गोल तुकडा जिवाणूंच्या थरावर ठेवायचा. रक्तात फिनाइलअॅलनिन जास्त असलं तर त्याभोवती जिवाणू वाढतात, नसलं तर वाढत नाहीत. स्वस्त, सोपं, आणि कागद टपालाने पाठवता येण्याजोगं. १९६३ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तोवर चार लाखांच्या आसपास बाळं तपासून झाली होती आणि त्यांत ३९ जणांत पीकेयू सापडला होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच सुमाराला ही तपासणी सक्तीची केली. गथ्री यांनी आपल्या शोधाचं मानधन घेतलं नाही. मला त्यांच्या चाचणीपेक्षाही तो कागद मोठा वाटतो. चाचणी कालबाह्य झाली, कागद आजही तोच आहे.

गथ्रींच्या पद्धतीची मर्यादा एवढीच, की एका रोगाला एक चाचणी. दहा रोग शोधायचे तर दहा तुकडे, दहा थाळ्या. ही कोंडी फोडणारं यंत्र तोवर भौतिकशास्त्रज्ञांच्या हातात होतं. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी विद्युतभारित कणांना चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रातून वळवून त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून दाखवलं होतं. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्याचं नेमकं उपकरण बनवलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. हाच मास स्पेक्ट्रोमीटर. पुढे तो तेलशुद्धीकरणात, अणुऊर्जेत वापरला गेला. आपल्याकडेही तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकार्यक्रमाच्या गरजेसाठी देशी बनावटीचे मास स्पेक्ट्रोमीटर तयार केले. पण रक्त किंवा लघवी यात घालायची कशी? यंत्राला निर्वात पोकळी हवी आणि पदार्थ वायुरूप हवा. शरीरातले बहुतेक पदार्थ तापवले तर उडून जाण्याऐवजी जळून जातात.

पहिली वाट लघवीतून निघाली. लघवीतली सेंद्रिय आम्लं रासायनिक प्रक्रिया करून बाष्परूप करता येतात. त्यांना लांबलचक नळीतून पुढे ढकलून एकेक करून वेगळं करायचं, आणि नळीच्या तोंडाशी मास स्पेक्ट्रोमीटर बसवायचा. १९६६ मध्ये बॉस्टनमध्ये के तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाने दोन भावंडांचं कोडं सोडवलं. त्या मुलांच्या अंगाला घामेजल्या पायांसारखा वास येई. तो वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा निघाला, आणि आयसोव्हॅलेरिक अॅसिडेमिया हा नवा विकार वैद्यकात नोंदला गेला. नंतर असे डझनावारी विकार लघवीतून ओळखता आले. जपानमध्ये कानाझावाच्या संशोधकांनी तर लघवीही गाळणकागदावर वाळवून पाठवता येईल अशी पद्धत बसवली.

वासाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट आपल्या घरातली. १९५४ मध्ये बॉस्टनच्याच जॉन मेंकस यांनी एका कुटुंबातली चार भावंडं जन्मानंतर काही आठवड्यांत दगावल्याची नोंद केली. त्यांच्या लघवीला जळक्या साखरेचा, मेपलच्या पाकाचा वास येई. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं या मुलांना पचत नाहीत. त्या वासामागचा पदार्थ सोटोलोन, आणि हाच पदार्थ मेथीलाही तिचा वास देतो. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले, किंवा प्रसूतीच्या आधी मेथी पोटात गेली, तर निरोगी बाळाच्या अंगालाही तसाच वास येऊ शकतो. वैद्यकीय नियतकालिकांत अशा फसगतीची नोंद आहे. ज्या प्रदेशात घरोघरी बाळंतिणीला मेथी दिली जाते, तिथे नाकावर विसंबून चालणार नाही. उलट, वास मेथीचाच असेल म्हणून खऱ्या रोगाकडे दुर्लक्ष झालं, तर एक जीव जातो.

लघवीची तपासणी अचूक होती, पण संथ. एका नमुन्याची तयारी आणि नळीतला प्रवास यात बराच वेळ जाई, म्हणून ती आजारी बाळापुरतीच राहिली. वेग आला तो १९८० नंतर. मँचेस्टरमध्ये मायकेल बार्बर यांनी १९८१ मध्ये न तापवता, वेगवान अणूंचा मारा करून मोठे रेणू भारित करण्याची युक्ती काढली. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन आणि चार्ल्स रो यांनी ती आजारी मुलांच्या रक्त-लघवीवर वापरली. चरबी जाळताना शरीर तिचे तुकडे कार्निटीन या पदार्थाला जोडून पेशीतल्या भट्टीपर्यंत नेतं. साखळीची कडी तुटली, की त्या लांबीचे तुकडे कार्निटीनला चिकटून रक्तात साठतात. म्हणजे कोणत्या लांबीचा तुकडा साठला यावरून कोणती कडी तुटली हे वाचता येतं. १९९० मध्ये मिलिंग्टन यांनी मांडलं, की हे वाचन गथ्रींच्या कागदावरच्या रक्तातही करता येईल आणि म्हणून सगळ्या नवजात बाळांसाठी वापरता येईल. १९९३ मध्ये डोनाल्ड चेस यांनी त्याच ठिपक्यात फिनाइलअॅलनिन आणि टायरोसिन मोजून पीकेयू ओळखून दाखवला. याच काळात येल विद्यापीठातल्या जॉन फेन यांनी द्रवाचा विद्युतभारित फवारा करून रेणू यंत्रात सोडण्याची पद्धत सिद्ध केली. तिने नमुन्यामागून नमुना आपोआप घेणं सोपं झालं. फेन यांना २००२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने राज्यातल्या नवजात बाळांची तपासणी या यंत्रावर सुरू केली.

ते यंत्र नेमकं काय करतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. कागदावरच्या ठिपक्यातून सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचा गोल तुकडा पंचाने काढतात. त्यात असतं तीन मायक्रोलिटरच्या आसपास रक्त, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश. तो मिथेनॉलमध्ये भिजवतात. त्या मिथेनॉलमध्ये आधीच ठरावीक प्रमाणात तेच पदार्थ मिसळलेले असतात, फक्त त्यांच्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड पाण्यातला जड हायड्रोजन, बसवलेला असतो. वागायला ते अगदी जुळे, वजनाने थोडे जड. म्हणून बाळाच्या रक्तातला पदार्थ किती, हे जुळ्याशी तुलना करून नेमकं मोजता येतं. मग तो द्रव फवाऱ्याने यंत्रात जातो. पुढचं काम सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची प्रतवारी व्हावी तसं चालतं: पहिली चाळणी वजनाप्रमाणे रेणू निवडते, मधल्या कक्षात ते वायूच्या रेणूंवर आपटून फुटतात, आणि दुसरी चाळणी तुकडे निवडते. कार्निटीनला जोडलेले सगळे पदार्थ फुटले की ८५ वस्तुमानाचा एकच सामाईक तुकडा देतात. बहुतेक अमिनो आम्लं फुटताना ४६ वजनाचा भाग गमावतात, फिनाइलअॅलनिन १६६ वरून १२० वर येतं. एका नमुन्यात चाळीसहून अधिक पदार्थ, दोन-अडीच मिनिटांत. गथ्रींच्या दहा थाळ्यांचं काम एका तुकड्यात झालं.

हे यंत्र सर्वज्ञ नाही, हेही इथेच सांगायला हवं. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांचं वजन सारखंच, आणि हायड्रॉक्सीप्रोलिन हा निरुपद्रवी पदार्थही याच वजनाचा. नेहमीच्या मोजणीत हे तिघे एकाच रांगेत उभे राहतात. म्हणून मेपलच्या पाकाच्या विकाराची शंका आली की नळीतून वेगळं करून दुसरी तपासणी करावी लागते. आणि थायरॉइडची जन्मजात कमतरता, बायोटिनिडेज या विकराची कमतरता यांच्या तपासण्या त्याच कागदावर पण वेगळ्या पद्धतीने होतात.

आता आपल्या भागाकडे. भारतातला पहिला मोठा प्रयत्न सोलापूरच्या शेजारच्या राज्यात झाला. १९८० मध्ये बेंगळुरूत एन. अप्पाजी राव, ए. राधा रमा देवी, एच. एस. सावित्री या संशोधकांनी कर्नाटकातल्या नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त गोळा करायला सुरुवात केली. मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्याकडे नव्हता. कागदावरच्या आणि पातळ थरावरच्या जुन्या पद्धतींनी त्यांनी अमिनो आम्लं वेगळी केली. १९८८ मध्ये त्यांनी एक लाखाहून अधिक बाळांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच कामातून संशोधक अॅलन बिटल्स यांच्यासोबत त्यांनी आईबापांच्या नात्याची नोंद ठेवली, आणि तीनात जवळपास एक लग्न नात्यातलं निघालं. त्यात मामा-भाचीची लग्नंही मोठ्या संख्येने होती. गॅरॉड यांनी लंडनमध्ये मूठभर घरांवरून जे ओळखलं, ते इथे लाखाच्या मोजणीत समोर आलं. कुंभारीहून कर्नाटकची हद्द फार लांब नाही, आणि रीतभात तर हद्द मानतच नाही.

इथे मला एक आवर्जून नोंदवायचं आहे. नात्यातल्या लग्नाबद्दल शहरी लेखनात जो तुच्छतेचा सूर लागतो, तो चुकीचा आहे. मुलगी ओळखीच्या घरात जाते, हुंड्याचा ताण कमी होतो, जमिनीचा तुकडा घरातच राहतो, अशी त्यामागे कारणं आहेत. बहुसंख्य नात्यातल्या जोडप्यांची मुलं निरोगी असतात. धोका वाढतो, तो किती आणि कोणत्या घरात, हे सांगण्याचं साधन म्हणजे ही तपासणी. तुच्छतेने कोणाचं बाळ वाचलेलं नाही.

महाराष्ट्रात मास स्पेक्ट्रोमीटरने सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट दुर्मीळ आजारांची नव्हतीच. ती होती भुकेची, पोट भरलेलं असतानाच्या भुकेची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे हेल्गा रेफसम या नॉर्वेजियन संशोधिकेबरोबर त्यांनी पुण्यातल्या प्रौढांच्या रक्तात मिथाइलमेलोनिक आम्ल मोजलं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की हे आम्ल साठतं, आणि इतकी बारीक मात्रा मोजायला मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०४ जणांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांत ते वाढलेलं निघालं. भाकरी-भाजी पोटभर खाणाऱ्या, दूध-अंडी-मांस फारसं न मिळणाऱ्या समाजाची कमतरता त्या आकड्याने उघडी केली. २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने दाखवलं, की गर्भारपणी ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं.

या शोधाचा नवजात तपासणीशी थेट संबंध आहे. बाळाच्या रक्तात प्रोपिओनिलकार्निटीन वाढलेलं दिसलं तर मिथाइलमेलोनिक अॅसिडेमिया या गंभीर आनुवंशिक विकाराची शंका येते. पण आईला ब-१२ कमी असेल तर निव्वळ तेवढ्यानेही बाळाचा हा आकडा चढतो. म्हणजे परदेशी पाठ्यपुस्तकातली मर्यादारेषा आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर घाबरगुंडी उडेल. आणि आईची तपासणी केली तर बाळाबरोबर तिचाही इलाज होईल, तोही इंजेक्शनच्या किंवा गोळीच्या किरकोळ खर्चात. तासन्‌तास बसून पोटासाठी विड्या वळणाऱ्या बाईच्या थाळीत काय पडतं, हे त्या तीन मायक्रोलिटरमध्ये लिहिलेलं असतं.

यंत्र भारतात रुळलं ते एकविसाव्या शतकात. २००८ मध्ये गोवा सरकारने नवजात बाळांची तपासणी सुरू करून राज्यांमध्ये पहिलं पाऊल टाकलं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये रीटा ख्रिस्तोफर आणि सहकाऱ्यांनी धोक्याची लक्षणं असलेल्या सुमारे साडेतीन हजार मुलांचे नमुने या यंत्रावर तपासले, आणि शंभराहून अधिक मुलांत विकार सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. नवी मुंबईत डॉ. अनिल जालन यांच्या संस्थेने चयापचयाच्या विकारांच्या निदानाचं काम उभं केलं. मोठ्या खासगी प्रयोगशाळांनीही ही चाचणी यादीत घेतली. ज्याला परवडतं त्याला मुंबई-पुण्यात ती मिळू लागली.

सरकारी पातळीवरची पावलंही महाराष्ट्राशी जोडलेली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. जन्मतः दिसणारी व्यंगं, कमतरता, वाढीतले दोष हे त्याच्या कक्षेत आले, पण चयापचयाचे विकार डोळ्यांना दिसत नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली तेव्हा जन्मजात थायरॉइड कमतरता ११३० बाळांत एक इतकी निघाली. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या अंदाजांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. केरळने सार्वजनिक रुग्णालयांत मोजक्या आजारांसाठी टाचेच्या रक्ताची तपासणी रुजवली. २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, त्यात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक ठरलं. १ एप्रिल २०२३ पासून या धोरणातल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराला आयात होणारी औषधं आणि विशेष वैद्यकीय आहार यांच्यावरचं मूळ सीमाशुल्क माफ झालं. बिकेल यांनी थंड खोलीत बनवलेल्या आहाराचेच हे आजचे डबे. पीकेयूच्या मुलाला सोलापूरची शेंगाचटणी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी पोटभर देता येत नाही. प्रथिनं जवळजवळ नसलेला साबुदाणा मात्र चालतो, अर्थात दाण्याचा कूट वगळून. बाकीचं पोषण त्या डब्यातून.

देशातल्या प्रत्येक नवजात बाळासाठी सक्तीचा तपासणी कार्यक्रम मात्र अजून नाही. खर्चाचं कारण पुढे केलं जातं, आणि पीकेयूच्या डब्यांपुरतं ते खरंही आहे. पण सगळेच विकार महाग नाहीत. थायरॉइडच्या कमतरतेला रोजची एक स्वस्त गोळी लागते. बायोटिनिडेजच्या कमतरतेला बायोटिन नावाचं जीवनसत्त्व. मध्यम लांबीची चरबी न जळणाऱ्या बाळाला तर औषधच लागत नाही; त्याला उपाशी ठेवायचं नाही आणि तापात, जुलाबात ताबडतोब साखरेचं सलाइन लावायचं, एवढंच आईला आणि दवाखान्याला माहीत असावं लागतं. माझ्या मते सुरुवात अशा आजारांपासून व्हायला हवी, आणि ती कुंभारीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रसूतिकक्षांतून व्हायला हवी.

अडचण यंत्राच्या दोन मिनिटांत नाही, आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत आहे. टाच टोचायची ती जन्मानंतर २४ ते ७२ तासांत, पण साधी बाळंतीण तोवर घरी जायच्या तयारीत असते. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा कागद कुरिअरच्या गाडीत तापत राहिला तर बायोटिनिडेजसारखी विकरं मरतात आणि निरोगी बाळ आजारी ठरतं. निकाल येतो तेव्हा बाळ-बाळंतीण माहेरी गेलेली असते, कलबुर्गीला नाहीतर अक्कलकोटच्या पलीकडे एखाद्या वाडीत. अर्जावर नंबर नवऱ्याचा असतो, आणि तो कामावर असताना फोन उचलत नाही. म्हणून कागदावर माहेरचं गाव, तिथल्या आशाताईंचं नाव आणि दुसरा फोन नंबर या तीन ओळी लिहून घ्यायला हव्यात. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. प्रसूतिकक्षातल्या सिस्टरच्या टेबलावरचा छापील नमुना बदलला की झालं.